घडी घातलेला एप्रन

मी शिशाचा एप्रन बोलतोय. रबरात शिशाची भुकटी मळून मला बनवलं. चौऱ्याहत्तर साली नाशिकच्या एका इस्पितळात आलो आणि एक्स-रेच्या खोलीत सावळीरामच्या अंगावर चढलो. किरणं अडवायची, एवढंच माझं काम.

सावळीराम टापटिपीचा माणूस. काम संपलं की मला सतरंजीसारखी घडी घालून कपाटात ठेवायचा. ती घडी बघून तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. शिशाच्या कपड्याला घडी चालत नाही, तो टांगायचा असतो, हे त्याला कुणी शिकवलंच नाही! घडीवर घडी पडून मी आतून चिरत गेलो. वरून मात्र कोरा करकरीत.

हरसूलकडून आलेली रडकी पोरं तो यंत्रापुढे स्वतः धरायचा. हात उघडेच. हळूहळू त्याच्या नखांभोवती लाल शिरांचं जाळं उमटलं.

चौऱ्याऐंशी साली आपला माणूस अंतराळात गेला, ती बातमी रेडिओवर लागली होती. सावळीरामची बायको चांगुणा डबा घेऊन आली होती.

"वर लय किरणं असतात म्हणे. रक्ताच्या नळ्यांना काय होत असेल ओ?"

नव्या डॉक्टर वाघबाई म्हणाल्या, "तिथलं अजून पुरतं कळलेलं नाही. पण किरणांचा मारा होत राहिला तर नळीचं अस्तर दुखावतं, नळी आखडते, हे इथे जमिनीवर दिसलंय."

"मग आमचे हे रोजच अंतराळात!" चांगुणा हसली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सावळीरामची बोटं उजेडात धरली.

"एप्रन कुठाय?"

"हा काय! घडी करून ठेवलाय."

"घडी?"

बाईंनी मलाच यंत्राखाली आडवं केलं. फिल्म धुऊन आली. छातीपोटाच्या जागी काळ्या रेघाच रेघा. किरणं तिथून आरपार गेली होती.

"बाई, ह्यांच्या आतल्या शिरापण बोटांसारख्या झाल्या असतील?" चांगुणाने विचारलं.

"सांगता येत नाही."

तपासणीचे साहेब आले तेव्हा बाईंनी त्यांच्याकडे नवा एप्रन मागितला. साहेबांनी फिल्मकडे पाहिलंही नाही. मला बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "धड तर आहे! चालवा."

अंतराळात जाणाऱ्याला कवच मिळतं, मिळायलाच हवं. मग इथे किरणांत उभ्या राहणाऱ्याच्या शिरा काय फुकटच्या?

बाहेर रांग लागली आहे. सावळीरामने मला उचललंय आणि तो तसाच थांबलाय. साहेब, एकदा तुम्ही मला घालून इथे उभे राहा. ते जमत नसेल तर त्याला तरी सांगा, बाबा, हा अंगावर घेऊ नकोस. माझ्यात आता नुसतं वजन उरलंय.