चढावरची किणकिण

मी या घरातली जुनी गाडी बोलतेय. जरा जवळ या, मला फार भीती वाटतेय, आणि ती सांगायला दुसरं कुणी नाही.

आजोबांनी मला घेतलं तेव्हा ते आजोबा झाले नव्हते. त्यांची मुलगी माझ्या मागच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन झोपायची. आजोबांचा कान इतका तयार, की नुसत्या घरघरीवरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचे. शेजारीपाजारी आपापल्या गाड्या त्यांना ऐकवायला आणत. मग काय विचारता, स्वारी खूश!

आता माझी धाव घर ते बाजार. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलची काजळी आत साचत जाते. तिचे दगडासारखे थर झाले होते. ते तापून लाल व्हायचे आणि पेट्रोल वेळेआधीच पेटायचं. चढ लागला की आतून बारीक किणकिण सुरू, डब्यात खिळे हलवावेत तशी. माझा जीव टांगणीला लागला होता. असंच चाललं असतं तर एक दिवस पिस्टनला भोक पडलं असतं.

आजोबा मात्र मजेत शीळ घालत चढ चढायचे.

एकदा मुलगी शेजारी बसली होती. ही केवढी वाजतेय, असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी आजोबा मला एकटेच चढावर घेऊन गेले. काचा वर, रेडिओ बंद, मान तिरकी. मी जीव तोडून वाजत होते. चढ संपल्यावर त्यांनी मला कडेला घेतलं आणि इंजिन बंद केलं. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

परत येताना चौकात डावीकडून एक सायकलवाला घंटी वाजवत आला. वाजवतोय, वाजवतोय, आणि आजोबांनी सरळ मला डावीकडे वळवलं! बिचारा थोडक्यात वाचला. माझ्या बॉनेटवर थाप मारून ओरडला, तेव्हा कुठे त्यांनी ब्रेक दाबला. ते घरी काही बोलले नाहीत.

मग मुलीनेच आम्हाला गॅरेजमध्ये नेलं. मिस्त्रीने इंजिनचं डोकं उतरवलं तेव्हा मी गारठलेच. पण हात हलका होता त्याचा. औषध ओतून त्याने काजळी भिजवली आणि लाकडी पट्टीने खरवडून काढली. मग ते थर हातावर घेऊन आजोबांसमोर धरले.

"काका, ही आजकालची काजळी नाही. आवाज कधीपासून येत होता?"

आजोबा त्याच्या ओठांकडे बघत होते. हल्ली ते असंच निभावून नेतात.

"बरेच महिने," ते म्हणाले. "आज आणू, उद्या आणू म्हणत राहिलो."

मुलगी हसली. बाबांची चालढकल तिला काही नवीन नव्हती. मिस्त्रीही हसला, आणि गाडी अधूनमधून लांब पळवत जा म्हणाला.

आता मी अगदी लोण्यासारखी चालते. चढावर चकार शब्द नाही. खुशीत यायला हवं, पण कशी येऊ? गाडी ठणठणीत झाली म्हणून मुलीने आपल्या लेकीला, छोटीला, शाळेतून आणायचं काम आजोबांवर सोपवलंय. ते उद्यापासून जाणार. त्यांनी माझ्या काचा दोनदा पुसल्या, इतका आनंद झालाय त्यांना. आणि शाळेचा रस्ता त्याच चौकातून जातो.

पोरी, तुझे बाबा वाईट नाहीत गं. घाबरलेत. माझ्याइतकेच.

माझं इंजिन दुरुस्त करून घेतलंस, तुझे उपकार आहेत. आता माझं एवढं एक ऐक. उद्या त्यांच्याबरोबर ये, पण शेजारी बसू नकोस. मागे बस, जिथे छोटी बसणार आहे तिथे, आणि तिच्याएवढ्या आवाजात एकदा "बाबा, थांबा" म्हणून बघ.