दिल्लीचा डबा

डब्याचं झाकण हातानं निघेना, तेव्हा पार्वताबाईंनी ते विळ्याच्या टोकानं उचकटलं. आत वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेले तपकिरी, जाडजूड तुकडे होते. प्रत्येकावर पानाचा ठसा. गुळाचा आणि तुपाचा वास आला. त्यांनी एक तुकडा उचलून ओट्यावर आपटून पाहिला. तो फुटला नाही.

"ठेकुआ म्हंतात त्याले," दारात उभा असलेला शेखर म्हणाला. "बिहारकडचं हाय. चहात बुडवून खा लागते."

"गोपालनं देल्लं?"

"हो न मावशी. अजून कोन देईन?"

हे बोलताना तो अंगणातल्या दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याकडे पाहत होता.

शेखर बडनेऱ्याचाच. नागपूरहून दिल्लीला जाणाऱ्या गाडीत प्रवाशांना चादरी आणि उशा वाटायच्या कंत्राटी कामावर होता. पार्वताबाई महिन्या-दीड महिन्यानं त्याच्या हाती डबा देत. मुगवड्या, ज्वारीचे पापड, जवसाची चटणी, कोरडा ठेचा, असं टिकणारं काहीबाही. दिल्लीच्या स्टेशनावर त्यांच्या मुलाच्या, गोपालच्या खोलीतलं कुणीतरी येऊन तो घेऊन जाई, आणि पुढच्या खेपेला डबा परत येई.

रिकामा मात्र कधीच येत नसे. दुसऱ्याचा डबा रिता पाठवू नये, चिमूटभर साखर का होईना घालावी, एवढं वळण गोपाल घरून घेऊन गेला होता. ते त्यानं खोलीतल्या पोरांनाही लावलं. पहिल्यांदा साखर आली. मग केरळच्या पोराच्या घरचे केळ्याचे काप आले. एकदा राजस्थानातल्या कुणाच्या तरी आईनं वाळवलेल्या शेंगा आल्या, त्या शिजवायच्या कशा हे कुणालाच कळलं नाही. आणि एकदा मणिपूरच्या पोरानं मोठ्या प्रेमानं वाळलेली मासळी भरून पाठवली. गोपालचे वडील नत्थुजी पडले माळकरी. झाकण उघडताच ते नाकाला उपरणं लावून थेट विहिरीपर्यंत गेले होते. डबा राखेनं घासून घासून त्याची चकाकी गेली, पण तीच गोष्ट पुढे आठ दिवस ते अमरावतीच्या भाजीबाजारात गिऱ्हाइकांना सांगत होते.

"दोन कोटी मानूस हाय दिल्लीत," मेथीची जुडी हातात धरून ते म्हणत. "रोज नवं उतरते. मनिपूर म्हना, केरळ म्हना, बिहार म्हना, सारा देश एका खोलीत झोपते. अन् मधात आमचा गोपाल."

गिऱ्हाईक म्हणे, "काकाजी, मेथी कितीले?"

तीन वर्षांपूर्वी याच नत्थुजींनी बडनेऱ्याच्या फलाटावर पोराला बजावलं होतं, काही झाल्याबिगर तोंड दाखवू नको. आपल्यामागे पोरानं भाजीची पाटी उचलू नये एवढंच त्यांच्या मनात होतं. पण बोलायची रीत अशी की आशीर्वादसुद्धा अंगावर वसकल्यासारखा वाटावा. गोपालनं मान हलवली आणि गाडीत चढला. त्यानंतर तो एकदाही घरी आला नव्हता. फोन मात्र करी, दर सोमवारी, आणि तोही नत्थुजी बाजारात असतानाच.

पार्वताबाईंनी ठेकुआ पुन्हा डब्यात ठेवला. पूर्वी डबा आला की त्या आधी तो नाकाशी धरत, पोराच्या हाताचा वास त्यात राहिला असेल म्हणून. आज त्यांना काहीच वाटलं नाही. गेले पंधरा-वीस दिवस त्यांना कशाचंच काही वाटत नव्हतं. भाकरी थापत होत्या, वांगी तोडत होत्या, गणपती बसले तेव्हा शेजारणीकडे आरतीलाही जाऊन आल्या. हातपाय चालत होते म्हणून दिवस चालले होते.

याला कारण श्रावणातला शेवटचा सोमवार. त्या दिवशी नत्थुजी पहाटेच झेंडूची पोती घेऊन अकोल्याला गेले होते. तिथे त्या दिवशी गावोगावची पोरं पूर्णेचं पाणी कावडीनं आणून राजराजेश्वराला घालतात, आणि कावडी सजवायला फुलं कितीही न्या, कमीच पडतात. घरात एकट्या पार्वताबाई होत्या. दुपारी फोन वाजला.

"माय, जेवली का?"

"जेवली. तू?"

"आताच. डबा मस्त होता या खेपेचा."

आणि त्याच्या आवाजाच्या मागून ढोल आले. मग हजार गळ्यांची एकच आरोळी आली.

"हर्र बोला महादेव!"

"आवाज कायचा रे?"

"इथंबी कावडी असतात न, माय. दिल्लीत सारं असते." त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

पार्वताबाईंचं माहेर गांधीग्राम, पूर्णेच्या काठावरचं. ज्या घाटावर त्या कावडी भरतात तिथे त्या लहानपणी घागर घेऊन उभ्या राहिलेल्या. गंगेच्या कावडीवाले 'बोल बम' म्हणतात हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. ही आरोळी दिल्लीची नव्हती. ती अकोल्याची होती, आणि अकोल्याला बडनेऱ्याहून दुपारच्या गाडीत बसलं तर चहाच्या वेळेला पोचता येतं.

त्या संध्याकाळी नत्थुजी परत आले. फुलं सगळी गेली, गर्दी लय होती म्हणाले, आणि ताटावर न बसता तसेच झोपले. उन्हातून आले की त्यांचं असं होई. त्यांनी काही विचारलं नाही आणि पार्वताबाईंनी काही सांगितलं नाही. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं? सगळ्या बाजाराला पोराची दिल्ली ऐकवणारा माणूस. त्याच्या एका शब्दानं पोरगा कायमचा तुटला असता. घरी यायची जी काही आशा होती ती तेवढ्यावरच टेकली होती, की बापाला कळू नये.

आता नत्थुजी मळ्यात पाण्याच्या पाळीवर गेलेले होते. पार्वताबाईंनी शेखरला बसायला पाट दिला, चहा टाकला आणि पाठ वळवलेलीच ठेवून विचारलं, "अकोल्यात कुठी रायते रे तो?"

चहा उतू गेला, त्यांनी पातेलं खाली उतरवलं.

"माह्या गळ्याची शपथ घालू का?"

"नका घालू, मावशी." शेखर पाटावर बसला. "मले त्यानं शपथ घातली हाय, माह्या लेकराची. मी काय करू, सांगा."

"मंग मी सांगतो, तू आयक. तो अकोल्यात हाय. चुकलं त सांग."

शेखरनं खाली पाहिलं. मग जे तोंडात धरून ठेवलं होतं ते एकदम बाहेर आलं.

"वर्स झालं. कुरिअरच्या गोदामात हाय, पुडके वाटते गाडीवर. काम बरं हाय, मावशी, खराब नाही. दिल्लीत ती खोली आधी चौघांची होती. मंग सात झाले, मंग नऊ. गाद्या चारच. अर्धे दिवसा झोपत, अर्धे रात्री. पाळ्याच लावल्या होत्या. एक दिवस हा कामावून आला त याच्या पाळीत नवाच पोरगा झोपलेला. कोनं आनला, कुठला होता, कोनाले मालूम नाही. हा तसाच जिन्यात बसून रायला सकाळलोक. मले म्हने, शेखरभाऊ, तिथं मी गेलो काय अन् रायलो काय, कोनाले पत्ता नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसला माह्यासंगच."

"अन् डबा?"

"डबा मी खोलीतल्या पोरायलेच देतो. तेच खातात, तेच भरतात. मी म्हनलं त्याले, मी अकोल्याले सासरी येतोच, तुलेच आनून देत जातो. त नाही म्हने. मंग डब्यात दिल्लीचं काय भराव? बाबा काय दाखवतीन बाजारात?"

पार्वताबाईंनी कपात चहा गाळला. म्हणजे वर्षभर त्यांच्या हातचं सगळ्या देशानं खाल्लं होतं, एका गोपालला सोडून. तो तिथे, चहाच्या वेळेला पोचता येईल इतक्या जवळ, कुठल्यातरी खानावळीत जेवत होता. त्यांना वाटलं आता रडू येईल. आलं नाही. त्यांनी शेखरपुढे कप ठेवला आणि ठेकुआचा एक तुकडा बशीत दिला.

"त्या पोरायले माया लय," त्या म्हणाल्या. "कोन कुठचे."

"चांगले हायेत, मावशी. अजूनबी विचारतात, आंटीची चटणी कवा येते म्हने."

"तू उद्या सासरी चालला न?"

"सकाळी. परवापासून ड्युटी."

"मंग येऊन जाजो सकाळी."

रात्री नत्थुजी झोपल्यावर चोरून डबा भरायची गरज नव्हती, म्हणून त्यांनी भरला नाही. सकाळी त्यांच्यादेखतच दोन डबे ओट्यावर मांडले. एक नेहमीचा, घासून चकाकी गेलेला. दुसरा फडताळातला, लग्नात मिळालेला, झाकणावर नाव कोरलेला. त्यांनी दोन्हींत मुगवड्या भरल्या, पापड लावले, चटणीच्या पुड्या ठेवल्या. दुसऱ्यात हात थोडा सैल सुटला.

नत्थुजी दारात तंबाखू मळत होते.

"दोन कायले वं?"

"एक दिल्लीचा. अन् एक गांधीग्रामचा, भौजाईले. शेखर अकोल्याले चाललाच हाय, दादा तिथून घेऊन जाईन."

"बरं."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली नाही. तशीच मुठीत धरून ते उठले आणि मळ्याकडे निघून गेले. पार्वताबाईंना हायसं वाटायला हवं होतं. त्यांनी पहिल्या डब्याला फडकं बांधलं, मग दुसऱ्याला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाची गाठ बसते तशी ती बसली, एकदा सैल आणि एकदा नको इतकी घट्ट.

शेखर येऊन उंबऱ्याशी टेकला होता, तेवढ्यात नत्थुजी परतले. हातात अंबाडीची जुडी. आताच कापलेली, देठांना माती, पानांवर दव. बाजाराला माल न्यावा तसं त्यांनी गोणपाटाचा तुकडा पाण्यात भिजवला, पिळला आणि जुडी त्यात नीट गुंडाळली. मग ती दुसऱ्या डब्याशेजारी ठेवली.

पार्वताबाई जुडीकडे पाहत राहिल्या. अंबाडी दिल्लीपर्यंत टिकत नाही. नागपूरच्या पुढे तिचं काळं पाणी होतं, हे सगळ्यांनाच माहीत. पण गांधीग्रामला अंबाडी पाठवणं म्हणजे विहिरीला पाणी पाठवणं.

"भौजाईले अंबाडी कायले?" त्या म्हणाल्या. "तिथं बांधाबांधावर हाय."

"त्याले आवडते," नत्थुजी म्हणाले.

शेखरनं उगीचच चपलेचा अंगठा नीट केला. नत्थुजींनी ओट्यावरचा माठ उघडला, पाणी प्यायले, गडू पालथा घातला.

"कावडीच्या दिवशी दिसला. रस्त्याच्या पलीकडं गाडी लावून फोनवर बोलत होता. इकडून मी, मधात सारी गर्दी. तिकडं जा म्हनलं त पायच उचलेना." त्यांनी माठावर झाकण ठेवलं. "वाळला हाय लय."

पार्वताबाईंच्या डोळ्यांपुढे फोनच्या दोन बाजू आल्या. एका बाजूला त्या होत्या, एका बाजूला गोपाल, आणि मधल्या त्या आरोळीत, फुलांची रिकामी पोती खांद्यावर टाकून, हा माणूस उभा होता. तेव्हापासून एकाच घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत भाकरी खात होते. बाजारातून दोन कोटींची गोष्ट बंद झाली होती, हेसुद्धा त्यांच्या आता लक्षात आलं.

"दिल्लीतून एक निंगून आला त दिल्लीले काय होते," नत्थुजी शेखरकडे न पाहता म्हणाले. "दुसरा उतरते. इथं दोघंच रायलो आमी."

"काकाजी, मी सांगनार होतो..."

"तू कायले सांगतं. शपथ घातली अशीन त्यानं." त्यांनी दुसरा डबा उचलून शेखरच्या हाती दिला. "त्याले म्हन, डबा शेखरच्या हाती धाडू नको. सोता आनून दे म्हन. अन् भराभुराची गरज नाही. रिकामा आनला त चालते."

शेखरनं मान हलवली. तो दोन्ही डबे आणि ती ओली जुडी घेऊन अंगण उतरू लागला.

"थांब," पार्वताबाई म्हणाल्या.

त्यांनी अकोल्याचा डबा त्याच्या हातातून परत घेतला. घट्ट बसलेली ती गाठ त्यांनी दातांनी सोडवली. झाकण काढून त्यांनी आतल्या अर्ध्या मुगवड्या आणि सगळे पापड काढले, आणि घरातल्या बरणीत पुन्हा भरून ठेवले. "हे इथंच येऊन खाईन तो," त्या म्हणाल्या. मग फडकं बांधलं.