शिंक अडकलेल्या अस्वलाची कैफियत

मी अस्वल. हो, मीच बोलतोय. दचकू नका. म्हणजे दचकलात तर माझ्यावर फार उपकार होतील, पण तुम्ही दचकणार नाही हे मला ठाऊक आहे. एक अपवाद सोडला तर आजवर कोणी दचकलेलं नाही. त्याचंच तर सगळं रडगाणं आहे.

एका भल्यामोठ्या प्राणिसंग्रहालयात, म्हणजे पेंढा भरलेल्या प्राण्यांच्या संग्रहालयात, ‘हिंस्र प्राणी’ नावाच्या दालनात माझं जवळजवळ सगळं मेल्यानंतरचं आयुष्य गेलं. मागच्या दोन पायांवर ताठ उभा, पुढचे पंजे वर, नखं बाहेर, जबडा उघडा. एवढं ऐकून तुम्हाला वाटेल, काय भयंकर दिसत असेल हा! जरा थांबा. चेहऱ्यापर्यंत यायचंय अजून.

शिक्षण माझं बेताचंच. समोर वाघ उभा असायचा, त्याच्या पायाशी जी पाटी होती तीच माझी शाळा. माझी स्वतःची पाटी माझ्या पोटाखाली, आणि मान काही वाकत नाही. त्यामुळे वाघ काय खातो, किती झोपतो, पोरांना कसं वाढवतो, सगळं मला तोंडपाठ. अस्वल काय खातं ते मात्र मला विचारू नका. मुलं म्हणतात मध. असेल बुवा.

जन्म कुठल्याशा डोंगरातला. लहानपणीच पिंजऱ्यात आलो आणि पिंजऱ्यातच म्हातारा झालो. वाघाला शिकाऱ्याची गोळी लागली होती म्हणे. खांद्याजवळचं ते भोक तो अजून मिरवतो. माझं तसं काही नाही. एका दुपारी पोटभर जेवून आडवा झालो, तो उठलोच नाही. घोरण्याचा आवाज थांबला म्हणून लोकांना कळलं.

मग मला उस्तादांकडे नेलं. पेंढा भरण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांची एक रीत होती. ओली कातडी साच्यावर चढवली की ती वाळायच्या आत ओठ, नाक, गाल हवे तसे वळवून घ्यायचे. पण कसे वळवायचे? त्यासाठी समोर जिवंत चेहरा हवा. जिवंत वाघ कोण आणून बसवणार? म्हणून उस्ताद आपल्या मेव्हण्याला स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, “हं, गुरगुर.”

मेव्हणा स्वभावाने गरीब. त्याला गुरगुरता येईना. वाघाच्या वेळी उस्तादांनी युक्ती केली. हातातलं काम न थांबवता सहज म्हणाले, “तुझ्या बहिणीच्या हाताला चव नाही रे.” झालं! मेव्हण्याचे डोळे असे पेटले, दात असे बाहेर आले, की उस्तादांनी ते जसंच्या तसं वाघाच्या तोंडावर उतरवलं. आज लोक त्या वाघाला बघून चळाचळा कापतात. ते वाघाला घाबरत नाहीत हो, बायकोच्या भावाला घाबरतात.

माझी पाळी आली तेव्हा मेव्हण्याला सर्दी झाली होती.

“गुरगुर रे.”

“गुरगुरतोय की, दाजी. पण नाकात कसंसंच... आ... आ...”

“तस्साच थांब! हलू नकोस!”

नाकपुड्या फुगलेल्या, डोळे अर्धे मिटलेले, वरचा ओठ वर चढलेला. उस्तादांना वाटलं, वा, काय आवेश! तो बिचारा डोळ्यांतून पाणी गाळत थांबला आणि माझा चेहरा कायमचा ठरला. मेव्हण्याची शिंक त्याच दिवशी कधीतरी आली असेल. माझी अजून यायची आहे.

तर असा मी दालनात उभा राहिलो आणि माणसं बघायला लागलो. माणूस हा प्राणी मला फार आवडतो. त्यातले वडील म्हणजे पाटीची पहिली ओळ वाचून उरलेलं मनचं सांगणारे. “हे अस्वल झाडावर राहतं, बरं का.” राहत असेल. मला झाडावर चढवून बघा, झाड आडवं होईल. आयांचं निम्मं लक्ष पोरं मोजण्यात. प्राण्यांकडे पाठ आणि पोरांकडे तोंड करून त्या सगळं संग्रहालय बघतात. आणि शाळेच्या बाई! त्यांना आमच्यात रसच नाही. त्यांचा सगळा जीव रांगेत. वाघासमोर रांग, सिंहासमोर रांग. मी मेलेला असूनही एकदा रांगेत सरकणार होतो.

मुलं मात्र निराळी. ती दारातून आत आली की आधी वाघाला बघून आईच्या मागे लपत. मग लांडग्याला बघून बाबांच्या खांद्यावर चढत. आणि मग माझ्यापुढे येऊन उभी राहत, आणि फिस्सकन हसत.

“बाबा, याला शिंक येतेय!”

काय ऐट असणार हो यात? माझी आयुष्यभराची इच्छा एकच. एका तरी पोरानं मला बघून किंचाळावं. फार नाही, एकदाच. वाघाच्या देखत.

असं चाललं असताना संग्रहालयात नव्या मुख्य बाई आल्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चाल तरातरा. पहिल्याच फेरीत माझ्यापुढे थांबल्या.

“हे काय आहे?”

“अस्वल आहे, मॅडम,” दालनाचा पहारेकरी म्हणाला.

“ते दिसतंय मला. याला काय झालंय?”

“सर्दी, मॅडम.” हा पहारेकरी म्हणजे माझ्या सावलीत स्टूल टाकून डुलक्या काढणारा. त्याचा माझ्यावर जीव. “मुलांना फार आवडतं हो हे.”

“तेच तर म्हणतेय मी. हिंस्र प्राण्यांच्या दालनात येऊन मुलं खिदळतात. जंगली जनावराची काही भीती, काही आदर उरतो का? सोमवारी सुट्टी असते ना, तेव्हा याला गोदामात हलवा.”

“मॅडम, एकदा विचार...”

“एक तरी मूल याला घाबरलेलं दाखवा मला. ठेवते.”

गोदाम मी पाहिलेलं आहे. आलो तेव्हा काही दिवस तिथेच होतो. कसर लागलेलं सांबर, शिंगं एकीकडे, मान एकीकडे. सगळ्यांच्या डोक्यावर चादरी. कोणी बघत नाही, कोणी हसतही नाही. मेल्यावर माणूस मातीत तरी जातो. आमचं मरण म्हणजे गोदाम.

रविवार उजाडला. बाई खरोखरच हाताची घडी घालून माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. मी जीव तोडून भयंकर दिसायचा प्रयत्न केला. आता काचेच्या डोळ्यांनी आणि पेंढ्याच्या छातीनं माणूस असा कितीसा भयंकर दिसणार! मुलं आली, हसली, गेली. एकानं मला “देव तुझं नाक मोकळं करो” असा आशीर्वाद दिला. पहारेकरी तर एका पोराच्या कानात कुजबुजला, “घाबर ना रे थोडंसं,” आणि ते पोर पहारेकऱ्यालाच घाबरून पळालं. ते घाबरणं बाईंनी हिशेबात धरलं नाही.

मग बाहेरून रडणं ऐकू आलं. साधंसुधं नव्हे, बेंबीच्या देठापासून.

एक कुटुंब होतं. पुढे दादा, वय वर्षे नऊ-दहा, अंगात प्राध्यापक. मागे आई, तिच्या हाताला धरून आजी, म्हणजे आईची आई, पायांनी थकलेली. आणि सगळ्यांत मागे बाबा, कडेवर टिल्ली. रडणं टिल्लीचं. दाराशीच तो छतापर्यंत पोचलेला सरड्यांच्या खापरपणजोबाचा सापळा आहे ना, तो बघितल्यापासून तिनं जो सूर लावला होता तो खाली आणला नव्हता. माशांना भिऊन रडली. फुलपाखरांच्या पेट्यांना भिऊन रडली. कासवाला भिऊन रडली म्हणे, आता कासवाला कोण भितं!

“घाबरायचं काय त्यात?” बाबा दर पावलाला म्हणत होते. “पेंढा आहे, पेंढा! मी बघ, घाबरतो का?”

“तिला घरी नेऊ या का?” आई म्हणाली.

“मग माझे मांसाहारी कोण बघणार?” दादा उसळला. “दर वेळी हिच्यामुळे! जत्रेतून परत, सिनेमातून परत!”

आजी म्हणाली, “जावईबापू, मला कुठं टेकायला मिळेल का तेवढं बघा. मग रडू दे तिला निवांत.”

मी मनातल्या मनात पंजे चोळले. गिऱ्हाईक आलं! कासवाला घाबरणारी पोरगी मला घाबरणार नाही? आणि बाई इथेच उभ्या. वाघोबा, बघ आता गंमत. ये बाळ, ये, अशी समोर ये.

टिल्लीनं आधी वाघ पाहिला. सूर आणखी चढला. बाबांच्या मानेत तोंड खुपसून ती फिरली, आणि फिरता फिरता तिचा एक डोळा माझ्यावर पडला.

रडणं थांबलं. एकदम. जसा नळ बंद व्हावा तसं.

मेलो, मी म्हटलं. दुसऱ्यांदा.

ती बाबांच्या कडेवरून घसरून खाली उतरली. नाक पुसत माझ्यापुढे आली. मान वर करून बघत राहिली. आणि तिचं तोंड हळूहळू माझ्यासारखं उघडलं, नाकपुड्या फुगल्या.

“येत नाहीये का?” तिनं मला विचारलं.

नाही गं बाई, काय सांगू तुला.

“थांबू या,” ती घरच्यांना म्हणाली. “याची शिंक येऊ दे.”

आणि थांबली की! तिच्याबरोबर सगळे थांबले. पहारेकऱ्यानं आजीला आपलं स्टूल दिलं. आजीनं चपला काढून पाय मोकळे केले. आई-बाबा भिंतीला टेकले, आणि घरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच एकमेकांशी चार वाक्यं बोलले. दादा लांडग्याचे दात बघून आला, तरसाचे बघून आला, सिंहाचे बघून आला. टिल्ली जागची हलली नाही. मी तर कुठे हलणार!

“टिल्ले, चल आता,” शेवटी आई म्हणाली. “पुढे जायचं तर वाघाच्या समोरूनच जावं लागेल हं. डोळे मीट, बाबा उचलतील.”

टिल्लीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा वाघाकडे. मग आपल्या पायांनी चालत वाघासमोर गेली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “श्श! गुरगुरू नकोस. त्याला शिंक येतेय.”

आणि गेली पुढे.

मी कसला खट्टू झालो म्हणून सांगू! कासवाला भिणारी पोर माझ्यापाशी शांत होते म्हणजे बेअब्रूची हद्द झाली. दालन रिकामं झाल्यावर बाईंनी चष्मा काढला, माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि आजूबाजूला कोणी नाही असं समजून स्वतःच्या नाकपुड्या फुगवून बघितल्या. मी काही कोणाला सांगणार नाही.

सोमवारी माणसं ढकलगाडी घेऊन आली. माझ्या डोक्यावरून चादर पडली तेव्हा मी सगळ्यांचा निरोप घेतला. वाघाला म्हटलं, तुझी पाटी मला पाठ आहे, काळजी करू नकोस. गाडी गडगडत निघाली. उतार आला, वळण आलं, गार वारा लागला. चादर उडाली. बघतो तर समोर तिकिटाची खिडकी!

“इथे राहू दे,” बाई पहारेकऱ्याला सांगत होत्या. “त्या सापळ्याला बघून लहान मुलं रडतात ना, त्यांना आधी याच्याजवळ थांबवायचं. थोडं हसली की मग आत सोडा.”

म्हणजे बघा, हिंस्र प्राणी होतो, आता रडक्या पोरांना झेलायच्या कामाला लागलो. ‘हात लावू नका’ ही पाटीसुद्धा माझ्या नशिबी राहिली नाही. मुलांनी पोटावरचे केस पार उडवले, नाकाचा शेंडा झिजवला. तरी मी कशाला तक्रार करू? मागे गोदामात सांबर आहे, इथे दारात मी आहे.

परवा तेच कुटुंब पुन्हा आलं. मी हललोय हे त्यांना कुठून माहीत असणार? बाबा खिडकीपाशी वाकून उभे होते. तिकिटं खिशात कोंबत, मागे न बघता, झटकन वळले, आणि त्यांचं नाक थेट माझ्या उघड्या जबड्यात.

“आई गं!”

काय सांगू तुम्हाला, काय आवाज होता तो! खिडकीतला माणूस उठून उभा राहिला. तिकिटं उडाली, एका पायातली चप्पल उडाली. माझ्या पेंढ्यात आनंद मावेना. इतक्या वर्षांनी! पुरता वाढलेला, मिशीवाला माणूस!

“काय झालं जावईबापू?” आजी म्हणाली. “हाक मारलीत का?”

“बाबा घाबरला!” टिल्लीनं टाळ्या पिटल्या. “आई, बाबा घाबरला!”

दादा पोट धरून खाली बसला. बाबा चप्पल शोधत म्हणाले, “घाबरलो कुठे, जरा... एकदम समोर आलं म्हणून...”

टिल्लीचं हसू मावळलं. ती जवळ गेली, त्यांची पँट ओढून अगदी हळू आवाजात म्हणाली, “घाबरायचं काय त्यात? पेंढा आहे, पेंढा.” मग त्यांचं बोट धरलं. “चल. तो मोठा सापळा आहे ना, तिथे मला पण भीती वाटते. माझा हात सोडू नकोस हं.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. “नाही सोडत,” ते म्हणाले. मी पाहत होतो. दोघं त्या सापळ्याखालून गेली, एकमेकांना घट्ट धरून, आणि यात कोण कोणाला नेत होतं ते मला शेवटपर्यंत सांगता येईना. रडण्याचा आवाज मात्र आला नाही.

तर मोठ्या माणसांनो, माझी एवढीच विनंती आहे. पोरांना घेऊन या. मी दारातच आहे. पाट्या नाही वाचल्यात तरी चालेल, रांगही नाही धरलीत तरी चालेल. पण माझ्यासमोर आलात की पोरांच्या देखत एकदा चांगलं मनापासून किंचाळा. खोटं खोटं का होईना. मला म्हाताऱ्याला बरं वाटतं, आणि पोरांना त्याहून.