दार वाजवणारा माणूस

मूल काही करत असलं की आपले हात शिवशिवतात. "थांब, मी करून देतो," म्हणत आपण ते काम त्याच्या हातून काढून घेतो, आणि यालाच माया समजतो. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात ऑरेंज माउंड या काळ्या लोकांच्या वस्तीतला डेझमंड रकरही तेच करत होता.

डेझमंड एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. शनिवारी तो चर्चच्या मागच्या हॉलमध्ये वस्तीतल्या मुलांना संगणक शिकवायला यायचा. हा वर्ग सुरू केला होता गणिताच्या निवृत्त शिक्षिका मिस अर्लीन यांनी.

यंदा सोळा वर्षांच्या केझियाने आणि तिच्या सोबत्यांनी एक ॲप तयार केलं होतं. मागच्या हिवाळ्यात बर्फाने विजेच्या तारा तुटल्या, तेव्हा केझियाची आजी बंद पडलेल्या ऑक्सिजन यंत्राशेजारी धापा टाकत बसून होती. वीज गेल्यावर अशा माणसांची खबर लगेच घेतली जावी, एवढंच मुलांना हवं होतं. मंगळवारी वीज खात्याच्या अधिकाऱ्यांना ते दाखवायचं होतं.

त्याआधीच्या शनिवारी डेझमंड खुशीत आला. "पोरांनो, सगळं नव्याने लिहून आणलंय. आता कुठे अडकणार नाही. मंगळवारी बोलायचंही मीच बघतो."

पडद्यावर सगळं सुरेख चालत होतं. पोरं मात्र त्यात काहीतरी शोधत होती.

"दार वाजवणारा कुठे गेला?" केझियाने विचारलं.

"कोण?"

"प्रत्येक म्हाताऱ्या माणसामागे आम्ही एक शेजारी नेमला होता. जाऊन दार वाजवायला."

"अगं, त्यांच्या फोनवर मेसेज आपोआप जातो. मध्ये माणूस कशाला?"

केझियाने लॅपटॉप मिटला. "छान झालंय, मिस्टर डेझ. पण हे तुमचं आहे, आमचं नाही." जॅकेट उचलून ती निघाली. बाकीचेही तिच्यामागे गेले.

मिस अर्लीन सगळं पाहत होत्या. डेझमंड त्यांना म्हणाला, "त्यांच्या भल्यासाठीच केलं हो. तुम्हाला असल्या अधिकाऱ्यांच्या मीटिंगा माहीत नाहीत. तिथे काळा माणूस मी एकटाच असतो. दुसरा चुकला तर तो एकटा चुकतो. मी चुकलो की आपण सगळे चुकतो."

"मला माहीत नाहीत? बाळा, तुझ्या जन्माआधीपासून मी तसल्या खोल्यांत बसलेय." त्यांनी खुर्ची ओढली. "ते लोक आपल्या पोरांना एकदाही चुकू देत नाहीत, खरंय. आता तूही देणार नाहीस. मग त्यांनी चुकायचं कुठे? वेळ आली की मोठ्यांनी बोलायचं आणि तुम्ही मागे बसून टाळ्या वाजवायच्या, हे शिकवलंस तू आज. ते शिकायला त्यांना इथे यायची गरज नव्हती. बाहेर सगळं जग तेच सांगतंय."

डेझमंड तिथून थेट केझियाच्या घरी गेला. ती आजीजवळ ओसरीवर बसली होती.

"चुकलो मी. तुमचंच ॲप नेऊ. मी मागे बसतो."

"मागे नको, शेजारी बसा. पण बोलायचं नाही."

"जमेल का त्याला?" आजी हसली.

मंगळवारी केझिया ॲप दाखवत असताना ऐन रंगात पडदा गोठला. डेझमंड अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. केझिया अडखळली, पण थांबली नाही. "हे इथे आधीही अडकलंय. पुन्हा सुरू करते, तोवर तुम्ही प्रश्न विचारा."

"फोनही बंद पडला असेल तर?" एका अधिकाऱ्याने विचारलं. "मेसेज वाचणार कोण?"

डेझमंडने लिहून आणलेल्या ॲपमध्ये याला उत्तरच नव्हतं.

"म्हणूनच आम्ही दार वाजवणारा माणूस ठेवलाय," केझिया म्हणाली. "माझ्या आजीचा फोन त्या दिवशी बंदच होता. समोरचे मिस्टर ओटिस बर्फातून चालत आले, म्हणून ती आज आहे."

अधिकारी पुढे सरकून बसले आणि प्रश्नांवर प्रश्न विचारू लागले. येत्या हिवाळ्यात ऑरेंज माउंडमध्ये हे ॲप वापरून पाहायचं ठरलं.

बाहेर पडताना एका अधिकाऱ्याने डेझमंडला गाठलं. "पुढच्या बैठकीला कधी येताय?"

"मला काय विचारता?" डेझमंड अभिमानाने म्हणाला. "प्रमुख ती आहे."

मित्रहो, मुलांना संगणक देणं, वर्ग चालवणं हे आपल्याला जमतं. जड जातं ते आपली जागा देणं, आणि मुलं अडखळत असताना तोंड मिटून शेजारी बसणं. जिथे चुकायची मुभा असते, तिथेच पुढारी घडतात. आपल्या घरात, कचेरीत, मंडळात अशी एखादी केझिया असेल, तर पुढच्या बैठकीत तिला बोलू द्या.