ऐकू गेले, पोहोचले नाही

मित्रांनो, मी पाणीखात्याचा एक जुना, पोचे पडलेला भोंगा आहे. कोठाराच्या कोपऱ्यात, गंजलेल्या नळांच्या शेजारी मी उताणा पडलो आहे. माझ्या पोटात कोळ्याने संसार थाटला आहे. बोलण्याची हौस आता उरलेली नाही, तथापि एक गोष्ट मनातून जात नाही. तेवढी सांगतो आणि गप्प बसतो.

मला घडविणारा कारागीर कानाने अधू होता. माझ्या तोंडाशी तळहात धरून तो आवाजाची थरथर तपासत असे. मग मला पाणीखात्याच्या तीनचाकी गाडीच्या टपावर बसविण्यात आले. आत चालकाच्या शेजारी बसून जो गृहस्थ बोलत असे, त्याला सारे गाव भोंगेमामा म्हणे. मामांचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले, त्यामुळे कार्यालयातून आलेल्या कागदाविषयी त्यांना अतोनात आदर. "मामा, काय खणखणीत गळा हो तुमचा!" असे लोक म्हणत. वस्तुतः ती स्तुती मी निम्मी माझी समजत असे. अशी कित्येक वर्षे गेली. ऊन खाल्ले, धूळ खाल्ली.

एके दिवशी मुख्य नळ फुटून त्यात गटाराचे पाणी मिसळले. साहेबांनी दीड पानाची सूचना मामांच्या हाती दिली आणि बजावले, "एकही शब्द इकडचा तिकडे करायचा नाही."

मामा वाचू लागले, "उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की..."

गाडी चालतच होती. मित्रांनो, चालत्या गाडीवरचा आवाज एका दाराशी किती वेळ टिकतो? चादरीची घडी घालायला लागतो, तेवढाच. त्यामुळे पहिल्या घराला विषय मिळाला, दहाव्या घराला नळाचा व्यास आणि विसाव्या घराला साहेबांचा हुद्दा.

"मामा, मलाच झोप यायला लागली," चालक म्हणाला. "गाडी खांबावर घालीन हं!"

"गप रे. कार्यालयाचा कागद आहे. त्याचा मान ठेवावा लागतो."

शिंपीगल्लीत मामांची थोरली बहीण आक्का सार्वजनिक नळावर घागर भरत होती. तिने हात केला. मामांनीही वाचन न मोडता हात केला. मी मोठ्या ऐटीत पुढे गेलो.

तिसऱ्या दिवशी आक्का रुग्णालयात होती. मामा तेथून परतले आणि गाडीत बसून सारे चालकाला सांगू लागले.

"मी तिला म्हटलं, आक्का, तुझ्या दारावरून ओरडत गेलो ना गं मी! तर म्हणते, ओरडलास रे, पण काय ओरडलास? मला वाटलं, कुणा साहेबाची बदली झाली."

"पण त्यांनी हात केला होता की!"

"भाऊ दिसला म्हणून केला, म्हणाली." मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "शेजारचे इस्त्रीवाले काल गेले. तेही तेच पाणी प्यायले होते."

मामा तडक साहेबांकडे गेले. परत आले, तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. साहेबांचे म्हणणे एवढेच, की सूचना दिल्याची नोंद आहे, तेव्हा आपले काम झाले. उद्याही हेच वाचायचे. शब्द बदलल्यास नोकरीची हमी नाही.

दुसऱ्या दिवशी मामांनी तो कागद घडी करून खिशात घातला. शिंपीगल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून इंजिन बंद करविले.

"काकू, वहिनी, आजोबा, ऐका! नळाचं पाणी घाण झालंय. उकळल्याशिवाय पिऊ नका. माणूस दगावलंय." आणि समोरच्या दारातील बाईंना विचारले, "वहिनी, काय सांगितलं मी?"

"पाणी उकळून प्या म्हणालात. बहिरी नाही मी!"

"रागावू नका. पुढच्या घरी सांगाल?"

"सांगते हो. तुम्ही घसा जपा."

तेव्हाच गाडी हलली. असे प्रत्येक कोपऱ्यावर झाले.

पुढे कापड विणणाऱ्या मागांचा कारखाना लागला. तेथे मी जिवाच्या आकांताने ओरडलो, पण मागांच्या खडखडाटात माझे मलाच ऐकू येईना. विणकर तर एकमेकांशी हातांनीच बोलत होते. मामांनी मला बंद केले. एका पुठ्ठ्यावर खडूने दोन चित्रे काढली. एकात नळाखालचा पेला, त्यावर मोठी फुली. दुसऱ्यात चुलीवर वाफाळणारे पातेले. एका विणकराने पुठ्ठा पाहिला, बोटांनी वाफ वर जाताना दाखविली आणि मान डोलावली. मी टपावर मुका बसून हे पाहत होतो. माझ्यावाचून काम होऊ शकते, हे मला त्या दिवशी प्रथम उमगले. वाईट वाटले, हे लपवीत नाही.

सायंकाळी मामांनी साहेबांसाठी खुलासा लिहिला. तो मात्र 'उपरोक्त विषयास अनुसरून' असाच सुरू केला. "साहेबांना तेच समजतं," असे ते घाम पुसत चालकाला म्हणाले.

त्या दिवसानंतर त्या गल्ल्यांतून नवा रुग्ण रुग्णालयात गेला नाही. आक्काही हळूहळू बरी झाली. तरी आज्ञाभंगाबद्दल मामांची बदली याच कोठारात झाली, आणि माझ्या आतला आवाजाचा पडदा फाटल्यावर मीही येथेच आलो. ते निवृत्त होईपर्यंत कधीमधी फडक्याने मला पुसत. आता गाडीवर नवे यंत्र आहे. ते सर्व गल्ल्यांतून एकच ध्वनिफीत वाजवीत धावते.

मित्रांनो, माझ्यावरील धूळ झटकली नाही तरी चालेल. परंतु कोणाला काही सांगाल, तेव्हा आधी त्याच्या तोंडाकडे पाहा. तो कोठे उभा आहे, हातात काय काम आहे, ते पाहा आणि त्याला साजेसे बोला. सांगून झाल्यावर एकदा त्याच्याकडून परत ऐका. इस्त्रीवाले गेले त्या आठवड्यात माझ्यात कसलाही बिघाड नव्हता.