बंडू जेवत नाही

वसुधाच्या घरातून आजवर कोणी उपाशी गेलं नव्हतं. अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या टाउनहाउसमध्ये मीटर बघायला आलेला माणूससुद्धा दोन थालीपीठं खाऊनच सुटायचा. आणि आता सत्त्याण्णव सालच्या त्या हिवाळ्यात बंडूनं सहा आठवडे अन्नाला तोंड लावलं नाही, म्हणजे काय!

बंडू म्हणजे तिच्या नऊ वर्षांच्या अंकुरचा पाळलेला अजगर. अजून हातभरच होता. रविवारपर्यंत जेवला नाही तर त्याला दुकानात परत द्यायचं ठरलं होतं. अंकुर रोज कॅलेंडरवर फुली मारायचा आणि शाळेचा डबा जसाच्या तसा घरी आणायचा. त्याचा उतरलेला चेहरा वसुधाला बघवेना.

तिनं कंबर कसली. फ्रीजरमधला, मटारच्या पिशवीशेजारचा, दुकानातून आणलेला उंदीर ती कोमट पाण्यात ठेवून उबदार करायची, चिमट्यात धरून बंडूपुढे नाचवायची. "घे रे राजा, एकच घास!" त्यानं तोंड फिरवलं की ही काचपेटीच्या दुसऱ्या बाजूनं हजर.

शनिवारी तिच्या नवऱ्यानं, भानुदासनं, प्राण्यांच्या डॉक्टरला फोन लावला.

"डॉक्टरीण विचारतेय, जेवताना बंडूसमोर कोण असतं?"

"मीच. आणखी कोण?"

"मग झालं तर! उंदीर ठेवा, वर कापड टाका आणि चक्क निघून जा म्हणतेय."

"वाढून निघून जायचं? बरं दिसतं का ते?"

"कोणाला? सापाला?"

वसुधानं पेटीवर जुनी साडी टाकली. स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून सगळ्यांना घेऊन गाडीत जाऊन बसली. दोनदा उठली, दोन्ही वेळा भानुदासनं हात धरून बसवलं. तासाभरानं घरात आल्यावर अंकुरनं साडी उचलली. उंदीर गायब, आणि बंडूच्या पोटाला चांगला फुगवटा.

"आई, बंडू एट इट!" अंकुर नाचायला लागला. वसुधाला रडूच आलं. आनंद झालाच, पण जरा लागलंही. इतका आग्रह केला, आणि हा जेवला ती नसताना!

रात्री तिनं अंकुरपुढे वरणभात ठेवला आणि स्वयंपाकघराकडे वळली.

"आई, व्हेअर आर यू गोइंग?"

"तू जेव निवांत. मी नाही बघत."

अंकुरनं शेजारची खुर्ची ओढली. "बस ना. आय ॲम नॉट अ स्नेक."

वसुधा बसली. आणि तिनं न विचारता भातावर आणखी एक चमचा तूप वाढलं.