सोडलं का?

आमच्या दुकानात दिवसभर एकच शब्द ऐकू यायचा. मी आतल्या खोलीतून विचारायचे, "दादा, सोडलं का?" बाहेरून उत्तर यायचं, "सोडलं." नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, आत कुत्रं बांधलेलं आहे.

सोडायचं असायचं डिस्कचं पार्टिशन, म्हणजे संगणकाच्या डिस्कमधला वेगळा पाडलेला कप्पा. वडिलांच्या मागे भरतकामाचं दुकान आम्हा दोघा भावंडांकडे आलं. दादा बाहेर बसून ऑर्डरी घ्यायचा आणि मशीनवर नमुने चढवायचा, मी आत बसून नमुने करायचे. माझा नमुन्यांचा प्रोग्राम इतका जुना, की नव्या संगणकावर चालेना. म्हणून दादाच्याच संगणकाच्या पोटात मी दुसरा, जुन्या पद्धतीचा संगणक उभा केला. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. आम्ही म्हणायचो 'पोटातला'. त्याचा पडदा आणि कीबोर्ड माझ्या टेबलावर.

नमुने सगळे एका पार्टिशनवर, आणि ते दोघांनाही लागायचं. साधा शेअर केलेला फोल्डर त्या म्हाताऱ्या प्रोग्रामला दिसायचाच नाही, त्यामुळे पार्टिशनच आळीपाळीने वापरायचं. एकाने सोडल्याशिवाय दुसऱ्याने धरायचं नाही. दोघांनी एकदम धरलं, की दोघंही आपापल्या डोक्यातल्या हिशेबाने लिहीत सुटतात, दुसऱ्याने कुठे काय ठेवलंय याचा पहिल्याला पत्ता नसतो, आणि आतल्या सगळ्याची माती होते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसंच हे.

आता खरी गोम सांगते. दादा कधीच सोडायचा नाही. तोंडाने म्हणायचा "सोडलं", हात चहाच्या कपावर. लोक जाता-येता "काय, बरं आहे ना" विचारतात, तसंच मीही विचारते असं त्याला वाटायचं. आधी मी भांडले. मग कंटाळून माझ्याच पडद्यावरून बाहेरच्या संगणकाला हुकूम द्यायला लागले: पार्टिशन सोडवून घ्यायचं, खात्री करायची, मगच धरायचं. वर्षानुवर्षं त्याचं खोटं ऐकलं आणि गुपचूप निस्तरलं. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

मग प्रदर्शन आलं. उडत्या बगळ्यांचा नमुना माझा होता. पंखाचं एकेक पीस वेगळ्या दिशेच्या टाक्यांनी भरलं होतं, त्यापायी माझी मान धरली होती. त्याला पहिलं बक्षीस मिळालं. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मंचावर दादा होता. कुणीतरी विचारलं, हे सुचलं कसं? तर म्हणतो, "झोपेत दिसलं." खरंच आहे, काम मी करत असताना तो झोपलेलाच असायचा.

घरी आल्यावर वहिनीच्या देखत त्याने मला समोर बसवलं. "तुझे डोळे आता दमलेत," तो म्हणाला. "आत हिचा भाऊ बसेल. त्याला सगळं शिकव."

"आणि माझे नमुने?"

"ते दुकानाचे."

चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या अंगाची लाही लाही झाली. ते नमुने म्हणजे माझं आजवरचं आयुष्य होतं, आणि दादाने ते कपाटातल्या दोऱ्याच्या रिळासारखं मोजलं. सगळं शिकव म्हणाला ना, मग शिकवू, असं मनात म्हटलं.

वहिनीचा भाऊ माणूस वाईट नव्हता, समजायचंही त्याला पटकन. टाक्यांची घनता, दोऱ्याचा ताण, पोटातला चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, काही लपवलं नाही. "पार्टिशन धरायच्या आधी बाहेर विचारायचं, सोडलं का? 'सोडलं' आलं की धरायचं."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

एक तेवढं सांगितलं नाही, की माझ्या दादाच्या शब्दावर जाऊ नकोस. सख्ख्या भावाला खोटारडा कसं म्हणणार, तेही त्याच्या मेव्हण्यासमोर? घरची अब्रू असते. नमुन्यांची एक प्रत वेगळी काढून ठेव, हे दादाला माझं पूर्वीच सांगून झालं होतं. तो "बघू" म्हणाला होता. माझी प्रत मी काढली आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून दुकानाबाहेर पडले.

फोन यायला फार दिवस लागले नाहीत. जाऊन बघते तर सगळ्या मशीन थांबलेल्या. पडद्यावर फाइलींची नावं म्हणजे नुसती गिचमीड, बगळ्यांचा फोल्डर रिकामा. वहिनीचा भाऊ रडवेला होऊन उभा होता. "ताई, मी विचारलं होतं हो. दर वेळी विचारलं. भाऊजी म्हणाले, सोडलं."

वहिनीने दादाकडे बघितलं.

"मी नेहमीच तसं म्हणतो," दादा म्हणाला. "आजवर कधी काही झालं नाही."

"झालं नाही, कारण सोडवत मी होते," मी म्हणाले. "रोज. तू नुसता म्हणत होतास."

त्याच्या डोक्यात ते उतरताना मी डोळे भरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बंद मशीनींकडे बघून पोटात तुटलं, कारण त्या वडिलांच्या होत्या. दादासाठी काही तुटलं नाही.

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ आला, आवाज खाली आणला. "तुझ्याकडे एखादी प्रत असेलच. निदान बगळ्यांची? लोकांना शब्द देऊन बसलोय गं मी." तो आणखी पुढे झुकला. "खरं सांग. जाताना सगळं इथेच सोडलंस का?"

पर्स माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर हात ठेवला.

"सोडलं," मी म्हणाले.